पाचव्या मजल्यावरचा डबा

बावन्न वर्षांच्या संसारात मी कुठल्या बाईचा हेवा केला नाही, असं मी चारचौघांत सांगत आले आहे. ते तितकंसं खरं नाही. १९७९ साली यांच्या ऑफिसातल्या एका टायपिस्ट बाईनं यांना राखाडी स्वेटर विणून दिला होता. तो पहिल्याच धुण्यात आटला, आणि तो का आटला हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पण एका प्लास्टिकच्या डब्याचा मत्सर वाटावा, आणि तोही चौऱ्याहत्तराव्या वर्षी, हे मात्र बंगळूरच्या मारतहळ्ळीला राहायला आल्यावरच घडलं.

आमच्या घरात गोळ्या मी देते. देत होते, असं म्हणायला हवं. यांना, म्हणजे पद्मनाभरावांना, सकाळी न्याहारीआधी एक साखरेची, एक बीपीची आणि रात्री कोलेस्टेरॉलची. हे डाव्या हातात पेपर धरून उजवा हात पुढे करायचे, मी त्यावर गोळ्या ठेवायच्या, हे गिळायचे. गोळी कुठली, कशासाठी, हे यांनी कधी विचारलं नाही. कारखान्यात तीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. कागदावरची रेघ अर्ध्या मिलिमीटरनं सरकली तर यांना झोप लागत नसे, पण पोटात काय जातं याची चौकशी करणं यांना माझ्यावर अविश्वास दाखवल्यासारखं वाटायचं. मलाही तसंच वाटायचं, म्हणून छान चाललं होतं.

आधी बंगळूरच्याच शिवाजीनगरला राहत होतो तेव्हा तर याहूनही सोपं होतं. दवाखान्यातला कंपाउंडर घरून नेलेल्या बाटलीत गुलाबी औषध भरून द्यायचा आणि बाटलीला खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. एका खाचेला एक डोस. त्या बाटलीत साइड इफेक्ट नव्हते. असले तरी आम्हाला कोणी सांगितले नव्हते.

मग पाचव्या मजल्यावर पुण्याहून प्रमोदिनीबाई राहायला आल्या. वय सहासष्ट, यजमान जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा इथल्या कुठल्याशा टेकपार्कात. शाळेत शास्त्र शिकवत असत. त्या निवृत्त झाल्या आहेत ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली नसावी असं त्यांच्या बोलण्यावरून वाटे. एका सकाळी आम्ही खाली बाकावर बसलो असताना त्यांनी यांच्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, की मोज्याची खूण इतकी खोल उमटते म्हणजे घोट्याला सूज आहे. बीपीच्या काही गोळ्यांनी अशी सूज येते. डॉक्टरांना सांगितलंत का?

हे म्हणाले, नाही. ज्या आवाजात म्हणाले तो आवाज मी लग्नाच्या वर्षानंतर ऐकला नव्हता.

ती सूज मला तीन महिन्यांपासून दिसत होती. रोज संध्याकाळी मी तिला कोमट तेल लावत होते. पण तेल लावणारीला कोण विचारतं, नाव होतं ते शोध लावणारीचं.

दुसऱ्या दिवशी त्या डबा घेऊन आल्या. निळा, पारदर्शक झाकणांचा. सात वारांच्या सात ओळी, प्रत्येक ओळीत चार कप्पे. सोबत हातानं आखलेला तक्ता. गोळीचं नाव, कशासाठी, जेवणाआधी की नंतर, काय त्रास होऊ शकतो, आणि एखादी वेळ चुकली तर पुढच्या वेळी दोन घ्यायच्या नाहीत, याखाली तांबडी रेघ. तक्त्यात शुद्धलेखनाची तरी एखादी चूक सापडेल म्हणून मी तो तीनदा वाचला. सापडली नाही. शिवाय त्यांनी यांच्या फोनमध्ये अशी सोय करून दिली, की सकाळी आठ वाजता बासरी वाजायची आणि हे उठून डब्याकडे जायचे. बावन्न वर्षांत मी हाक मारल्यावर हे इतक्या चटकन उठलेले मला आठवत नाहीत.

डबा दर रविवारी दहा वाजता भरायचा आणि तो पाचव्या मजल्यावर भरायचा, असं ठरलं. का, तर त्यांच्या बाल्कनीत उजेड चांगला येतो. आमच्या तिसऱ्या मजल्यावर अंधार असतो हे मला त्या दिवशी कळलं. रविवारी हे इस्त्रीचा शर्ट घालायचे. परत आले की प्रत्येक वाक्य 'प्रमोदिनीबाई म्हणतात' इथून सुरू व्हायचं. प्रमोदिनीबाई म्हणतात, गोळी कॉफीबरोबर नको, पाण्याबरोबर घ्यावी. प्रमोदिनीबाई म्हणतात, बरं वाटलं म्हणून मनानं गोळी बंद करू नये. हे सगळं मी कित्येक वर्षं सांगत होते. पण माझं यांना खुर्चीत बसल्या बसल्या ऐकायला मिळत होतं. त्यांचं ऐकायला लिफ्टनं वर जावं लागायचं, म्हणून त्याला किंमत.

तरीही मी गप्प होते. खरा घाव बसला तो महिनाअखेरीला, कोपऱ्यावरच्या नागराजच्या औषधाच्या दुकानात. मी नेहमीप्रमाणे पिशवी पुढे केली, तर नागराज म्हणाला, "अज्जी, सरांच्या गोळ्या गेल्या की. पाचव्या मजल्यावरच्या मॅडमनी फोनवर चिट्ठी पाठवली. त्यांच्याच घरी पोचवल्या."

माझ्या नवऱ्याच्या गोळ्या दुसऱ्या बाईच्या घरी पोचत्या झाल्या होत्या. आमच्या निपाणीला याहून किरकोळ कारणावरून जावाजावांत पिढ्यान् पिढ्या बोलणं बंद आहे. मी नागराजला म्हटलं, त्या असू देत, मला वेगळ्या दे. त्यानं कॉम्प्युटर माझ्याकडे वळवून दाखवला, की या महिन्याच्या दिल्या आहेत. माझ्या हातातली डॉक्टरांची चिट्ठी त्यानं उलटसुलट करून पाहिली आणि सांगितलं, की ती सव्वा वर्षापूर्वीची आहे, नवी आणा. स्वल्प त्रास होईल, पण रूल आहे. मी त्याला सुनावलं, की तुझ्या बापाचं लग्न व्हायच्या आधीपासून मी बंगळूरमध्ये औषधं विकत घेते आहे. तो म्हणाला, "सरी, अज्जी," आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. या शहरात पन्नास वर्षं काढल्यावर मला एवढं नक्की कळतं, की माणूस 'सरी' म्हणाला म्हणजे तुमचं बोलणं त्याच्यापुरतं संपलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी यांना बँकेत जाते असं सांगून मी शिवाजीनगरची बस धरली. इथं बायकांना बस फुकट आहे, म्हणून कंडक्टरनं आधार कार्ड मागितलं. ते पिशवीच्या तळाशी, म्हणून मला मांडीवर चष्म्याचं घर, सुपारीची डबी, छत्री आणि यांचे जुने रिपोर्ट मांडावे लागले. शेजारच्या मुलीनं ते सगळं धरलं आणि आज्जी, कुठं गावाला निघालात का, असं विचारलं. मध्येच उतरून दुसरी बस घ्यावी लागली. पण मला थकवा जाणवत नव्हता. मत्सर अंगात असला की गुडघे दुखत नाहीत, हे कुठल्याच तक्त्यात लिहिलेलं नसतं.

बसवंतअण्णांचं जुनं औषधाचं दुकान होतं तिथंच होतं. आता काचेचं दार बसवलेलं होतं आणि आत अण्णा स्वतः, माझ्याइतकेच म्हातारे. त्यांनी मला ओळखलं, यांची चौकशी केली, गेलेल्यांची यादी सांगितली, मी माझी सांगितली. चिट्ठीचं नावसुद्धा निघालं नाही. जुन्या रिकाम्या पाकिटांवरून त्यांनी तीस-तीस गोळ्या काढून दिल्या. म्हणाले, "कंपनी बेरे, अक्का. औषध ओंदे." कंपनी वेगळी, औषध एकच. नेहमीच्या गोळ्या पांढऱ्या असायच्या. या मात्र एक गुलाबी आणि एक फिकट हिरवी. मला त्या जास्तच आवडल्या. पांढऱ्या गोळीत काय मेलं दिसायला असतं.

दुसऱ्या सकाळी मी यांना स्वच्छ सांगितलं, की आजपासून मी देते त्याच गोळ्या घ्यायच्या, त्या डब्यातल्या राहू द्यात. पेपरामागून 'हं' आलं. हात पुढे झाला. मी त्यावर गुलाबी आणि हिरवी ठेवली. हरवलेलं मंगळसूत्र सापडल्यावर जसं वाटेल तसं मला वाटलं. आठाची बासरी वाजायची तेव्हा मी देवापुढे असायची, आणि त्या डब्याच्या दिशेला तर मी पाहतच नव्हते. रविवारी हे वर जातात ते केवळ त्या बाईंना वाईट वाटू नये म्हणून, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. पेपरामागचं 'हं' म्हणजे होकार असतो की नुसता श्वास, हे बावन्न वर्षांत मी कधी तपासून पाहिलं नव्हतं.

आठवडाभरानं यांच्यात बदल दिसू लागला. खुर्चीतून उठले की क्षणभर भिंत धरायचे. अकराच्या सुमाराला कपाळावर घाम यायचा, पेला उचलताना हात कापायचा. छातीत धडधडतंय म्हणायचे. मी काही विचारलं तर भलत्याच दिशेला बघत राहायचे आणि उत्तर भलतंच द्यायचे. पायांची सूजही नडगीपर्यंत चढली.

आता धडधड, घाम, कापरे हात आणि हरवलेली नजर. आमच्या काळी या लक्षणांना एकच नाव होतं, आणि ते यांच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी घ्यायची मला लाज वाटली. पण मी सूज सोडून बाकी सगळ्याचा मेळ घातला. सूज प्रमोदिनीबाईंच्या उंच सोफ्यावर पाय लोंबकळत ठेवून बसल्यामुळे असणार. एकदा शोध लागल्यावर पुरावे आपोआप येतात. हे आरशात जास्त वेळ बघत आहेत असं मला दिसू लागलं. खरं म्हणजे हे आरशाची कड धरून उभे असायचे.

बाकावरच्या मंडळींनी आपापली मतं दिली. सुभेदार म्हणून निवृत्त झालेले बेळगावचे येसाजीराव म्हणाले, की इमारतीत राहिल्यानं माणसाचा जमिनीशी संबंध तुटतो, पद्मनाभरावांनी गवतावर अनवाणी चालावं. हे चालले, आणि तोल जाऊन कुंपणात बसले. पहिल्या मजल्यावरच्या अनुसूयाअक्कांनी दृष्ट म्हणून निदान केलं. मी मीठ-मिरच्या उतरवून गॅसवर टाकल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही तर दृष्ट असते असं म्हणतात. आम्हाला ठसका असा आला, की मजल्यावरची धुराची घंटा वाजली आणि वॉचमन धावत आला. सोसायटीनं मला लेखी समज दिली. ती इंग्रजीत होती, म्हणून मी ती मनावर घेतली नाही.

प्रमोदिनीबाईंनी तेवढं यांना विचारलं, की नवीन काही औषध सुरू केलंय का. हे म्हणाले, नाही. हे मला यांनीच सांगितलं. मी कणीक मळत होते, मळत राहिले.

त्यानंतरचा रविवार. यांनी नऊपासूनच शर्ट चढवून ठेवला होता. मी ठरवलं, की आज न्याहारीच उशिरा करायची, म्हणजे दहा टळतील. कांदा मी इतका बारीक चिरला, की नंतर तो पोह्यांत दिसलाच नसता. पावणेदहाला हे आत डोकावले आणि झालंय का म्हणाले. मी म्हटलं, माझ्या पोह्यांपेक्षा डबा मोठा असेल तर जावं. यांना टोमणे कळत नाहीत. हे बरं म्हणाले आणि गेले.

साडेदहाला फोन आला. प्रमोदिनीबाईंचा आवाज शाळेतल्यासारखाच होता, फक्त वेगात. "महानंदाताई, वर या. आत्ता. यांना घाम फुटलाय आणि बोलणं नीट येत नाही."

लिफ्टमध्ये कुणाचं तरी कपाट चाललं होतं. मी दोन जिने चढले. कसे, ते मला माहीत नाही.

हे सोफ्यावर आडवे होते. शर्ट भिजलेला, चेहरा कागदासारखा. प्रमोदिनीबाई यांचं बोट टोचून यंत्रात पाहत होत्या. अठ्ठेचाळीस, म्हणाल्या. शुद्ध आहे, गिळता येतंय, म्हणून त्यांनी साखरेचं पाणी यांच्या ओठाला लावलं, घोट घोट. एका हातानं पेला आणि दुसऱ्या हातानं फोनवर गाडी बोलावणं चाललं होतं. मग डबा उघडून त्यांनी एकेक कप्पा तपासला. सगळं बरोबर होतं. झालेल्या दिवसांचे कप्पे रिकामे. एकही गोळी राहिलेली नव्हती.

रिकामे. मी त्या कप्प्यांकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं.

"एवढी साखर उतरायला कारण नाही," त्या म्हणाल्या. "ताई, घरी आणखी काही देता का?"

"नाही," मी म्हटलं.

खोटं आहे हे कळायच्या आत शब्द बाहेर पडला होता. समोर ती बाई, जिच्या तक्त्यात मला एक काना चुकीचा सापडला नव्हता, आणि तिच्यापुढे मी कबूल करायचं होतं, की मी लपवून गोळ्या देते. माझा स्वाभिमान तेवढ्यात दहा वाक्यं रचून मोकळा झाला. मग यांनी पेला धरायला हात पुढे केला आणि तो पेल्याच्या बाजूनं हवेतच फिरला. पेला यांना सापडेना.

"देते," मी म्हटलं. "सकाळी दोन. साखरेची आणि बीपीची. पंधरा दिवस झाले. मला वाटलं, हे तुमच्या घेत नाहीत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या मला बोलतील याची मी वाट पाहत होते. त्या एवढंच म्हणाल्या, "पाकिटं घेऊन खाली या. सगळी. मी यांना आणते."

इस्पितळात आधी फॉर्म. यांचं नाव, वय, मोबाइल, आणि 'सध्या चालू असलेली औषधं' अशा तीन ओळी. खिडकीतल्या मुलीला मी सांगत होते, की तीन ओळींत हे मावायचं नाही. तोवर यांना आत नेलं होतं. डॉक्टर त्रिविक्रम हे धारवाडकडचे, मराठी छान बोलायचे. त्यांनी ड्रिप लावली, बीपी पाहिलं, तेही खाली गेलेलं. मग माझी पाकिटं आणि डब्यातल्या पांढऱ्या गोळ्या शेजारी शेजारी मांडून बारीक अक्षरातली नावं वाचून दाखवली. रंग वेगळे, वर छापलेली कंपनी वेगळी, आतलं औषध तेच. दुप्पट साखरेची, दुप्पट बीपीची, त्यावर उपाशी पोट. या गोळीचा अंमल लवकर उतरत नाही, साखर पुन्हा पडू शकते, म्हणून उद्यापर्यंत इथंच ठेवतो, म्हणाले. सूज बीपीच्याच गोळीची आहे, आधी सांगितलं असतं तर तेव्हाच बदलून दिली असती, हेही म्हणाले. घरचा तक्ता अगदी बिनचूक आहे, असं त्यांनी दोनदा म्हटलं. एकदा पुरलं असतं.

मला ओरडतील अशी मी तयारी केली होती. ते यांच्याकडे वळले. "आजोबा, ही गुलाबी आणि हिरवी कशाची वाटत होती तुम्हाला?"

यांना आता बरं बोलता येत होतं. म्हणाले, "शक्तीची. हिनं दिली म्हणजे चांगलीच असणार."

यापेक्षा डॉक्टर ओरडले असते तर बरं झालं असतं.

मग त्यांनी नियम सांगितले. एक दुकान, एक यादी, ती खिशातल्या पाकिटात ठेवायची आणि प्रत्येक डॉक्टरला दाखवायची. काढे, शक्तीची चूर्णं, शेजारणीचा उपाय, सगळं तिच्यात लिहायचं. गोळीचा रंग बदलला तर गिळण्याआधी विचारायचं. चक्कर, घाम, कापरं आलं तर आधी साखर तपासायची. "आणि गोळ्या देणारं माणूस एकच. नाव सांगा, लिहून ठेवतो."

मी प्रमोदिनीबाईंकडे पाहिलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. दोघींनी एकदम यांच्याकडे पाहिलं. माझी छाती इतकी धडधडत होती, की कोणी माझी साखर तपासली असती.

हे छताकडे बघत बराच वेळ विचार करत होते. मग म्हणाले, "मीच घेईन. माझ्या मी."

बावन्न वर्षांत यांनी कुठलंच काम आपणहून अंगावर घेतलं नव्हतं, आणि घेतलं तेही दोघींच्या हातून एकदम काढून. डॉक्टरांनी लिहून टाकलं.

बाहेर बाकावर आम्ही दोघी बसलो. माफी मागायची होती, पण पुण्याच्या माणसाची माफी कशी सुरू करायची हे मला ठाऊक नव्हतं. शेवटी त्याच बोलल्या. यजमान गेल्यावर एका सकाळी गोळी घेतली की नाही हेच त्यांना आठवेना. घरात विचारायला कोणी नाही. त्यांनी पुन्हा घेतली, आणि दिवसभर डोकं फिरत पडून राहिल्या. त्यानंतर त्यांनी डबा आणला. "तुम्ही या वयात दोन बस बदलून गेलात, ताई," त्या म्हणाल्या, "नवऱ्याच्या हातावर आपल्याच हातची गोळी पडावी म्हणून. चूक केलीत, भयंकर चूक केलीत. पण मला तुमचा फार हेवा वाटला."

आत नवरा ड्रिपवर होता, माझ्यामुळे होता, आणि मला ते ऐकून अंगभर बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. माझा हेवा करणारं आयुष्यात दुसरं कोणी मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी हे घरी आले. आता रविवारी यांचा डबा हेच भरतात, नावं मोठ्यानं वाचत, ड्राफ्ट्समनच्या अक्षरात यादीवर खुणा करत. आणि सकाळी पावणेआठला मी पाचव्या मजल्यावर फोन करते. 'घेतली का?' एवढंच विचारायचं असतं, पण त्यांच्या थायरॉइडच्या गोळीनंतर त्यांना अर्धा तास काही खाता येत नाही. रिकाम्या पोटी अर्धा तास नुसतं कसं बसायचं, म्हणून आम्ही बोलतो. पुण्यातल्या त्यांच्या नणंदेचं प्रकरण तर अजून निम्म्यावरही आलेलं नाही.

काल बासरी वाजली तेव्हा नणंद वकिलाकडे जायला निघाली होती. हे हातात गोळ्या आणि पेला घेऊन माझ्यासमोर येऊन उभे राहिले. घसा खाकरला. मी लक्ष दिलं नाही. यांनी आणखी मोठ्यानं सांगितलं, की मी गोळी घेतो आहे. मग जरा थांबून, एवढंसं तोंड करून म्हणाले, "रोज काय एवढं बोलता दोघी? मला तर कधी कोणी विचारत नाही, घेतली का म्हणून."

मी फोनवर हात ठेवला. "अहो, त्या गिळा आणि लगेच पोटात काही घाला," म्हटलं, आणि प्रमोदिनीबाईंना म्हटलं, "हं, मग? वकील काय म्हणाला?"